हबची कुळकथा

जुन्या रेसिंग सायकलीचा सांगाडा सहसा दगा देत नाही. रेनॉल्ड्स किंवा कोलंबसच्या पोलादी नळ्या पितळेने जोडून केलेली १९७० च्या आसपासची फ्रेम, गंज लागू दिला नसेल तर, आजही सरळ आणि धडधाकट असते. टायर-ट्यूब नवे मिळतात, ब्रेकचे रबर मिळतात, केबल मिळतात, चेनही मिळते. माणूस अडतो तो मागच्या चाकाच्या मध्याशी. हबमधला कोन झिजलेला असतो, कपाला खड्डे पडलेले असतात, किंवा कुणीतरी चुकीचं फ्रीव्हील जोराने पिळून हबचे आटे मारलेले असतात. बदली हब शोधायला निघावं, तर नवा हब फ्रेमच्या खाचेत मावत नाही. मावला तर रिमच्या भोकांशी त्याची भोकं जुळत नाहीत. तीही जुळली तर जुनं फ्रीव्हील त्यावर चढत नाही.

ही मापं आडमुठी वाटतात, पण प्रत्येक माप कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणून जन्मलेलं आहे. कव्हेंट्री, पॅरिस, बर्मिंगहॅम, व्हिचेन्झा आणि ओसाकाजवळचं साकाई ही या कुळाची मूळ गावं. आपल्या हातातला हब कुठल्या शाखेचा हे ओळखता आलं, की बदली शोधणं सोपं होतं. आणि पुष्कळदा बदलीची गरजच उरत नाही. या लेखात मला तेच दाखवायचं आहे.

ताणलेल्या तारांचं चाक

बैलगाडीच्या चाकात तुंबा आऱ्यांवर टेकलेला असतो. चाक फिरतं तसा एकेक आरा खाली येतो आणि दाबाखाली भार तोलतो, म्हणून तो जाड लाकडाचाच लागतो. सायकलीचा स्पोक म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तार. तिला दाबलं तर ती वाकणारच. म्हणून सगळ्या तारा आधीच घट्ट ताणून ठेवतात. स्वाराचा भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, पण पुरता संपत नाही. त्यामुळे एकही तार वाकत नाही. या सगळ्या तारांचा ताण जिथे एकवटतो तो भाग म्हणजे हब.

ताणलेल्या तारांची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये, उडत्या यंत्राला हलकं चाक हवं म्हणून, मांडली होती. सायकलीसाठी तिचं पेटंट पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये घेतलं. पुढच्याच वर्षी कव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांची ‘एरियल’ आली. त्या काळच्या उंच सायकलींचं पॅडल थेट पुढच्या चाकाच्या हबला असे. तारा हबमधून सरळ, त्रिज्येच्या रेषेत बाहेर जात. असं चाक भार छान पेलायचं, पण पायाचा जोर लागला की हब आधी पिळला जाई आणि रिम मागाहून फिरे. १८७४ मध्ये स्टार्ली यांनी यावर उपाय काढला. तारा त्रिज्येत न लावता हबच्या कडेला स्पर्श करून जातील अशा तिरप्या लावायच्या, निम्म्या पुढच्या दिशेने आणि निम्म्या मागच्या दिशेने. पीळ आता तारेच्या लांबीतून ओढ होऊन रिमपर्यंत पोहोचू लागला. हबच्या दोन्ही टोकांना भोकं पाडलेल्या ज्या चकत्या असतात, ज्यांना आपण फ्लँज म्हणतो, त्यांचं आजचं काम इथे ठरलं.

१८८५ मध्ये जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि ओढ चेनमधून मागच्या चाकाला. इथे हबच्या दोन शाखा झाल्या. पुढचा हब नुसता फिरणारा, मागचा हब ओढ घेणारा. ब्रिटिश कारखान्यांनी या फरकाला तारांच्या संख्येत उतरवलं. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागे ४० तारा आणि पुढे ३२. युरोपातल्या इतर देशांत दोन्ही चाकांना ३६ तारांची पद्धत रुळली आणि पुढे शर्यतीच्या सायकलींत तीच सर्वत्र झाली. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरला आजही पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण तिचं घराणं ब्रिटिश आहे. नव्या हबना मात्र २०, २४, २८ किंवा ३२ भोकं असतात. म्हणून बदलीच्या शोधातलं पहिलं काम म्हणजे भोकं मोजणं. ४० भोकांची जुनी हलकी रिम शाबूत असेल, तर तिला हबही ४० भोकांचाच लागतो. त्यावर दुसरा मार्ग नाही.

छर्रे, कप आणि कोन

हबच्या आत जे फिरतं त्याची गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. तिथले सायकल-कारागीर ज्यूल सुरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलीसाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतची पहिली शर्यत झाली. १२३ किलोमीटरची ती शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली, आणि त्यांच्या सायकलीत सुरिरे यांचे छर्रे होते असं मानलं जातं.

छर्रे घातले तरी एक प्रश्न उरला. वापराने झीज होते, झीज झाली की खेळ वाढतो, आणि चाक डावं-उजवं डुलायला लागतं. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ह्यूज यांनी १८७७ मध्ये पेटंट घेतलेल्या बेअरिंगमध्ये हा खेळ पुन्हा घट्ट करण्याची सोय होती. आणखी सहा वर्षांनी, १८८३ मध्ये, जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिड्रिख फिशर यांनी पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र तयार केलं. सगळे छर्रे नेमके एका मापाचे असतील तरच भार सगळ्यांवर सारखा पडतो. एखादा जरी मोठा असला तरी तोच सगळं ओझं घेतो आणि आधी फुटतो. फिशर यांच्या यंत्राने ही अडचण संपवली आणि चांगला हब स्वस्तही झाला.

यातून जी रचना स्थिरावली ती शंभर वर्षं टिकली. हबच्या दोन्ही तोंडांशी पोलादी कप ठोकून बसवलेला असतो. कपात ग्रीस आणि छर्रे. मधून जाणाऱ्या एक्सलवर आटे असतात आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कोन फिरवत आत आणतात. कोन जितका आत, तितका खेळ कमी. जागा साधली की वरून लॉकनट आवळायचा. या रचनेतली खरी दूरदृष्टी झिजण्याच्या क्रमात आहे. छर्रे सगळ्यात स्वस्त, ते आधी बदलायचे. कोन त्याहून महाग, पण सुटा. तो झिजला तर तो बदलायचा. कप सगळ्यात शेवटी जातो, कारण कोनाच्या ज्या बाजूवर भार असतो ती बाजू जागची हलत नाही आणि एकाच ठिकाणी घासली जाते, तर कप चाकाबरोबर फिरत असल्यामुळे त्याची झीज सगळीकडे वाटली जाते. हबचं मूळ अंग तर वेळोवेळी ग्रीस मिळालं तर झिजतच नाही. दुरुस्त व्हावा याच हेतूने घडवलेली ही वस्तू आहे.

आपल्या गावोगावच्या सायकल दुकानांत हे ज्ञान आजही हातात आहे. पातळ पान्याने कोन सोडवायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, एखादा जरी टोचा पडलेला दिसला तर पूर्ण संच बदलायचा, नवं ग्रीस भरायचं, कोन हाताने आवळून पाव फेरा मागे घ्यायचा आणि चाक फिरवून बघायचं. रोडस्टरसाठी केलं जाणारं हे ओव्हरहॉलिंग आणि १९७० च्या इटालियन रेसिंग हबचं ओव्हरहॉलिंग यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. फरक आहे तो मापांचा.

विंगनट ते क्विक रिलीज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या हबला दोन्ही बाजूंना दात्यांची चकती असे. एका बाजूला सपाटीसाठी, दुसऱ्या बाजूला चढासाठी. घाट लागला की स्वार खाली उतरायचा, विंगनट सोडवायचा, चाक काढून उलटं फिरवून बसवायचा आणि पुन्हा निघायचा. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअरला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती, त्यामुळे मोठमोठे विजेतेही असेच घाट चढले. शतकाच्या सुरुवातीलाच नॉटिंगहॅममध्ये हबची तिसरी शाखा फुटली होती. स्टर्मी-आर्चरने १९०२ पासून गिअर हबच्या पोटातच बसवले. ती शाखा रोजच्या वापराच्या सायकलीत फळफळली. शर्यतीच्या सायकलीने वेगळा रस्ता धरला.

तो रस्ता टुलिओ काम्पान्योलो यांच्या नावाशी जोडलेला आहे. १९०१ मध्ये व्हिचेन्झात जन्मलेले काम्पान्योलो स्वतः शर्यती खेळत. त्यांची कंपनी सांगते ती कथा अशी: ११ नोव्हेंबर १९२७ ला क्रोचे दाउने या घाटात बर्फ पडत होतं, गारठलेल्या बोटांनी विंगनट सुटेना, आणि शर्यत हातची गेली. त्या दिवशी चाक सोडवण्याची पद्धत बदलायचं त्यांनी ठरवलं. सायकलींच्या इतिहासकारांनी या कथेतल्या तपशिलांवर प्रश्न उभे केले आहेत. पण १९३३ मध्ये काम्पान्योलो कंपनी सुरू झाली, आणि तिच्या क्विक रिलीजने पुढच्या काळात शर्यतीच्या सायकलीवरून विंगनट हद्दपार केला, याबद्दल वाद नाही.

क्विक रिलीजची रचना साधी आहे. एक्सल पोकळ केला. त्यातून एक बारीक सळई गेली. सळईच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर, आणि लिव्हरच्या बुडाशी केंद्र सरकवलेला कॅम. लिव्हर अर्धा फेरा उलटवला की कॅम सळई खेचतो आणि चाक खाचेत आवळलं जातं. अवजार लागत नाही, ताकद लागत नाही.

काम्पान्योलो यांनी याच कल्पनेवर गिअरही उभा केला. ‘काम्बियो कोर्सा’ या यंत्रणेत सीटजवळच्या नळीवर दोन लांब दांड्या असत. स्वार चालत्या सायकलीवरच मागे हात नेऊन पहिल्या दांडीने मागचा क्विक रिलीज सैल करायचा, दुसरीने चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायचा, चाक खाचेतल्या दात्यांवरून पुढे-मागे सरकू द्यायचा आणि पुन्हा आवळायचा. जिनो बार्ताली यांनी १९४८ ची टूर द फ्रान्स याच यंत्रणेवर जिंकली. चालत्या चाकाचा हब सैल करून गिअर बदलायचा, यातलं धाडस आज विचार केला तरी थक्क करतं. अशी सायकल कुणाकडे असेल, तर तिचा हब आणि फ्रेमच्या दातेरी खाचा एकमेकांसाठीच घडवलेल्या असतात. तिथे दुसरा हब घालून मूळ यंत्रणा चालत नाही.

पोकळ एक्सलने एक मापही कायमचं ठरवलं. आतून सळई जायची तर एक्सल जाड हवा. पुढचा ९ मिलिमीटर आणि मागचा १० मिलिमीटर अशी रीत पडली. जुने ब्रिटिश भरीव एक्सल पुढे ५/१६ इंच आणि मागे ३/८ इंच, म्हणजे सुमारे ८ आणि ९.५ मिलिमीटर. त्यामुळे जुन्या ब्रिटिश सायकलीच्या पुढच्या चिमट्यात क्विक रिलीजचा हब बसायला जातो आणि अडतो. कानशीने खाच मोठी करणं सोपं असतं, पण घासलेलं पोलाद परत येत नाही. आधी भरीव एक्सलचा हब शोधावा, कानस सगळ्यात शेवटी उचलावी.

क्विक रिलीजच्या हबची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. लिव्हर आवळला की पोकळ एक्सल किंचित दाबला जातो आणि कोन आणखी आत येतात. म्हणून चाक बाहेर असताना कोनात केसभर खेळ ठेवायचा. लिव्हर आवळल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. भरीव एक्सलच्या सवयीने बाहेरच खेळ शून्य केला, तर चाक बसवल्यावर छर्रे दाबाखाली येतात आणि चांगला कोन काही महिन्यांत खराब होतो. जुने कोन मिळणं दुर्मिळ होत चाललेल्या काळात ही काळजी फार मोलाची आहे.

रेकॉर्ड आणि त्याची सावली

१९५८ मध्ये काम्पान्योलोचा ‘रेकॉर्ड’ हब आला. ॲल्युमिनियमचं अंग, कडक केलेले पोलादी कप, घासून गुळगुळीत केलेले कोन, आणि मधोमध तेल सोडण्यासाठी एक भोक, त्यावर स्प्रिंगची क्लिप. पुढची दोन-तीन दशकं जगातल्या बहुतेक मोठ्या शर्यती या घराण्याच्या हबवर धावल्या. त्याची बारीक वैशिष्ट्यं माहीत असली तर खरेदीत फसवणूक टळते. इतर बहुतेक पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे छर्रे असतात, रेकॉर्डच्या पुढच्या हबमध्ये ७/३२ इंचाचे. त्यात ३/१६ चे छर्रे भरले तर हब फिरतो, पण छर्रे चुकीच्या जागी टेकतात आणि कोन खातात. मागच्या हबमध्ये १/४ इंचाचे छर्रे, प्रत्येक बाजूला नऊ.

या हबवर सालही कोरलेलं असतं. अनेक काम्पान्योलो लॉकनटांवर ‘कॅम’ या अक्षरांपुढे सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. लॉकनट सुटा असल्याने तो कुणी बदललेलाही असू शकतो. तरी दोन्ही बाजूंचे आकडे जुळत असतील आणि लिव्हरचा घाट त्या काळाचा असेल, म्हणजे जुना असेल तर सरळ आणि नंतरचा असेल तर बाक दिलेला, तर हबचं वय बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. स्टर्मी-आर्चरनेही आपल्या हबच्या अंगावर वर्ष आणि महिना कोरण्याची पद्धत ठेवली होती. सायकलीचा नंबर पुसला गेला असला तर याच खुणांवरून तिचा काळ ठरवतात.

रुंदी का वाढत गेली

बदली शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतं ते मागच्या हबच्या रुंदीचं माप. दोन लॉकनटांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर म्हणजे ही रुंदी. तीन-चार चकत्यांच्या काळात ती साधारण ११० ते ११४ मिलिमीटर होती. पाच चकत्या आल्या तेव्हा १२० झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सहा आणि मग सात चकत्यांसाठी १२६ झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आठ चकत्या आल्या आणि १३० चं माप रुळलं. पुढचा हब मात्र दीर्घकाळ १०० मिलिमीटरवर स्थिर राहिला.

चकती वाढली की उजवीकडे जागा लागते आणि उजवा फ्लँज आत सरकतो. रिम तर फ्रेमच्या मध्यावरच राहायला हवी. मग उजवीकडच्या तारा उभ्या आणि फार ताणलेल्या, डावीकडच्या तिरप्या आणि सैल अशी स्थिती होते. जुन्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये याहून गंभीर दोष होता. फ्रीव्हील हबच्या बाहेर आट्यांवर चढवलेलं, पण उजवीकडचं बेअरिंग त्याच्या आत, पार मध्याकडे. बेअरिंगपासून फ्रेमच्या खाचेपर्यंतचा एक्सल आधाराविना राहायचा आणि चकत्या वाढल्या तसा तो तुकडा लांबत गेला. सहा-सात चकत्यांच्या सायकलींचे एक्सल वाकायचे, तुटायचे ते याच जागी.

उपाय होता फ्रीव्हीलचं यंत्र हबमध्येच सामावून घेण्याचा, म्हणजे बेअरिंग पार उजव्या टोकाला नेता येईल. बर्मिंगहॅमच्या बेलिस-वायली कंपनीने असा हब १९३८ मध्येच केला होता, पण त्या काळी दोन-तीन चकत्यांना त्याची निकड नव्हती. १९७८ मध्ये शिमानोने आपल्या ड्युरा-एस मालिकेत ‘फ्रीहब’ आणला तेव्हा वेळ आलेली होती. शिमानोची सुरुवातच १९२१ मध्ये साकाईत फ्रीव्हील बनवण्यापासून झाली होती. आपल्या मूळ उत्पादनाची जागा घेणारी वस्तू त्यांनी स्वतः बाजारात आणली. आज कॅसेटचे, म्हणजे चकत्यांचा संच सरकवून बसवायचे, जवळपास सगळे हब याच तत्त्वावर चालतात.

जुन्या फ्रेमसाठी याचा व्यवहारातला अर्थ असा. १२६ च्या पोलादी फ्रेममध्ये १३० चा हब हाताने थोडं ताणून बसतो. बाजूला दोन-दोन मिलिमीटरच लागतात. १२० च्या फ्रेमला १३० चा हब हवा असेल, तर फ्रेम कायमची रुंद करावी लागते. जाणकार कारागीर पोलादी फ्रेम थंड अवस्थेतच मोजून-मापून वाकवतो आणि मग दोन्ही खाचा एकमेकींना समांतर करून देतो. या दुसऱ्या पायरीला फाटा दिला तर एक्सल वाकडा आवळला जातो आणि तुटतो. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच करू नये, त्या तडकतात. उलटा मार्गही आहे. बऱ्याच हबची रुंदी एक्सलवरच्या वॉशरांनी ठरलेली असते. डावीकडचे वॉशर कमी करून, एक्सल तेवढा आखूड करून आणि चाकाचा मध्य नव्याने साधून १३० चा हब १२६ वर आणता येतो. फ्रेमला हात न लावणारा हा उपाय मला नेहमीच अधिक बरा वाटतो.

आट्यांचा देशधर्म

फ्रीव्हील चढतं त्या आट्यांची कथा तर देशांच्या सीमांवरून जाते. ब्रिटिश माप १.३७ इंच व्यासाचं, इंचाला २४ आटे. इटालियन माप ३५ मिलिमीटर, तेही इंचाला २४ आटे. ही दोन्ही इतकी जवळ आहेत की बहुधा एकमेकांवर चालून जातात, फक्त एकाच हबवर वारंवार अदलाबदल करू नये. फ्रेंच माप मात्र ३४.७ मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. ब्रिटिश व्यास मिलिमीटरमध्ये ३४.८ भरतो. फरक एक दशांश मिलिमीटरचा. डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. फ्रेंच हबवर ब्रिटिश फ्रीव्हील सैलसर चढतं, काही फेरे जातात, बसल्यासारखं वाटतं. आणि पहिल्या चढावर पायाचा जोर लागला की ॲल्युमिनियमचे आटे सपाट होतात. मग तो हब संपला.

प्यूजोची पीएक्स-१० ही सायकल अशा घोटाळ्याची जागा आहे. फ्रान्समध्ये बनलेली, नॉर्मंडी हब असलेली, एडी मर्क्ससारखा खेळाडू ज्या संघातून १९६६ आणि १९६७ मध्ये खेळला त्या संघाचं नाव मिरवणारी. जगभर तिचे चाहते आहेत. तिचं फ्रीव्हील बदलण्याआधी आट्यांमधलं अंतर थ्रेड गेजने तपासणं हा एकमेव सुरक्षित मार्ग आहे. एक्सलच्या आट्यांतही तोच सापळा आहे. काम्पान्योलोचा मागचा एक्सल १० मिलिमीटर जाड पण इंचाला २६ आटे असलेला, जपानी एक्सल १० मिलिमीटर आणि १ मिलिमीटर अंतराचा. जपानी कोन काम्पान्योलोच्या एक्सलवर काही फेरे जातो आणि मग जाम होतो. तिथे पाना लावून जोर करू नये.

निर्वंश झालेल्या शाखा

काही हबना बदली मिळत नाही, कारण त्यांचं घराणंच उरलेलं नाही. नॉर्मंडी हब बनवणारी फ्रान्सची मायार कंपनी जर्मनीच्या फिश्टेल उंड सॅक्सकडे गेली, आणि सॅक्सचा सायकल विभाग १९९७ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने घेतला. या हस्तांतरात जुने साचे आणि सुटे भाग मागे पडले. मायारचा १९८० च्या दशकातला ‘हेलिकोमॅटिक’ हब हे त्याचं बोलकं उदाहरण आहे. चकत्या मळसूत्री खाचांवर चढत, काढायला अगदी सोप्या. कल्पना सुरेख होती. पण उजवीकडे लहान छर्रे वापरावे लागले, ते लवकर झिजत, आणि त्याच्या चकत्या दुसऱ्या कुठल्याच हबला चालत नसत. आज असा हब खराब झाला तर तो बदलून साध्या आट्यांचा हब घालणं हाच शहाणपणा आहे.

स्टर्मी-आर्चरचं नशीब वेगळं निघालं. २००० मध्ये नॉटिंगहॅमचा कारखाना बंद झाला, पण तैवानच्या सनरेस कंपनीने नाव आणि यंत्रसामग्री घेतली आणि तीन गिअरचा हब बनवणं चालू ठेवलं. त्यामुळे १९५० च्या सायकलीलाही नवा वारस मिळू शकतो.

आता नवा हब कुठून येतो, तेही कुळाच्याच मार्गाने बघावं. कॅलिफोर्नियातली फिल वुड ही कंपनी १९७१ पासून बंद कार्ट्रिज बेअरिंगचे हब बनवते आणि फ्रीव्हीलचे आटे असलेले हबही तिने केले आहेत. जपानमध्ये केइरिन शर्यतींनी एक जुनी शाखा जिवंत ठेवली आहे. १९४८ मध्ये कोकुरा इथे सुरू झालेल्या या शर्यतींत फक्त मान्यताप्राप्त सुटे भागच चालतात, त्यामुळे कप-कोनाचे, १२० मिलिमीटरचे, ३६ भोकांचे उत्तम हब तिथे बनत राहिले आहेत. एका गिअरवर चालवायच्या १२० च्या जुन्या फ्रेमला ते नेमके बसतात. आणि इटलीत १९९७ पासून ल’एरोइका भरते. टस्कनीतल्या गायोले इन किआंती गावातून निघणाऱ्या या फेरीत १९८७ च्या आधीच्या रेसिंग सायकली चालवायच्या असा नियम आहे. पहिल्या वर्षी ९२ स्वार होते; आज हजारो येतात, आणि गावात जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. जुन्या हबला पुन्हा मागणी आली, साफ करून विकणारे पुढे आले, भंगारात जाणारा माल वाचला.

उलट दिशेने एक दाबही वाढतो आहे. नव्या रोड बाइकवर डिस्क ब्रेक आणि थ्रू-एक्सल आले आहेत, मागची रुंदी १४२ मिलिमीटर झाली आहे. क्विक रिलीजचे, रिम ब्रेकचे हब बनवणारे दरवर्षी कमी होत जाणार. म्हणून जे जुने हब आज शाबूत आहेत, त्यांची किंमत बाजारभावाहून मोठी आहे.

जुनी रेसिंग सायकल बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. बदली शोधण्याआधी हब उघडून बघा. बहुतेक वेळा नवे छर्रे, नवं ग्रीस आणि फार तर एक कोन एवढ्यावर काम भागतं. ते भागलं नाही तर भोकांची संख्या, लॉकनटांमधली रुंदी, एक्सलची जाडी, आट्यांचं माप आणि फ्लँजचा व्यास या पाच गोष्टी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा आणि मगच खरेदीला निघा. फ्लँजचा व्यास सारखा मिळाला तर जुन्या ताराही पुन्हा वापरता येतात. रिम वाकली म्हणून हबसकट चाक भंगारात देऊ नका. हब सोडवून, पुसून, त्यावरचं साल आणि मापं लिहून ठेवून द्या, कुणाच्या तरी सायकलीला तोच हवा असेल. आणि चाक मोडताना तारा कापण्याआधी फ्रीव्हील काढून घ्या. तारा गेल्यावर हबला धरायला पकड उरत नाही, आणि मग ते फ्रीव्हील सहसा सुटत नाही.